एका स्वराचं एक जग : ‘युनोइया’चं रसग्रहण

इंग्रजीतले पाचही स्वर ज्यात येतात असा सर्वांत लहान शब्द सहा अक्षरांचा आहे : युनोइया. ई, यू, एन, ओ, आय, ए. मूळ ग्रीक, अर्थ, सुंदर विचार. हाच शब्द शीर्षक म्हणून घेऊन कॅनडातले कवी ख्रिश्चन बुक यांचा कवितासंग्रह २००१ मध्ये टोरांटोच्या कोच हाउस बुक्सने काढला. पुढच्या वर्षी त्याला ग्रिफिन पोएट्री प्राइझ हा कॅनडातला मानाचा पुरस्कार मिळाला आणि २००८ मध्ये ब्रिटनमध्ये कॅननगेटने त्याची आवृत्ती काढल्यावर तो तिकडेही खूप खपला. प्रयोगशील कवितेच्या वाट्याला असे वाचक क्वचितच येतात. ते या पुस्तकाला का मिळाले, याचं उत्तर त्याच्या नियमातच आहे.

नियम सांगायला अगदी सोपा. पुस्तकाची पाच प्रकरणं, प्रत्येक प्रकरण एका स्वराचं. ‘ए’च्या प्रकरणात जो शब्द येईल त्यात ए सोडून दुसरा स्वर नको. ‘ई’च्या प्रकरणात फक्त ई. असंच पुढे आय, ओ आणि यू. वाय हे अक्षर अधूनमधून स्वराचं काम करतं, म्हणून पाचही प्रकरणांतून त्यालाही रजा. इथे स्वर म्हणजे कानाला ऐकू येणारा स्वर नव्हे, तर कागदावर दिसणारं स्वराचं अक्षर, हे मात्र ध्यानात ठेवायचं.

बुक यांनी एवढ्यावर भागवलं नाही. प्रत्येक प्रकरणात लेखनकलेचा उल्लेख हवा. एक मेजवानी हवी, एक कामक्रीडेचा प्रसंग हवा, एक निसर्गचित्र आणि एक समुद्रप्रवास हवा. वाक्यांची रचना समांतर हवी आणि आतल्या आत यमकं जुळायला हवीत. महत्त्वाचा शब्द शक्यतो पुन्हा येता कामा नये. आणि सर्वांत कडक अट : त्या स्वराचे जेवढे शब्द भाषेत असतील त्यांतले किमान ९८ टक्के वापरून संपवायचे. जे शब्द खटपट करूनही बसले नाहीत त्यांतल्या काहींची नावं बुक यांनी पुस्तकाच्या शेवटी देऊन टाकली आहेत. ‘ए’मधून पॅरलॅक्स राहिला, ‘आय’मधून जिंजिव्हायटिस म्हणजे हिरड्यांची सूज, ‘यू’मधून ट्यूम्युलस म्हणजे थडग्यावरचा मातीचा उंचवटा. अर्पणपत्रिकासुद्धा नियमाला धरून आहेत. ‘ए’चं प्रकरण हान्स आर्प यांना, ‘ओ’चं योको ओनो यांना, ‘यू’चं झू यू या चिनी कलावंताला. तिघांच्याही नावांत स्वराचं अक्षर एकेकच.

हे शब्द गोळा केले कसे? वेबस्टर्स थर्ड न्यू इंटरनॅशनल हा १९६१ साली निघालेला, साडेचार लाखांहून अधिक नोंदींचा शब्दकोश बुक यांनी पाच वेळा वाचून काढला, दर स्वरासाठी एकदा. निवडलेले शब्द आधी नाम, क्रियापद, विशेषण असे वेगळे केले, मग विषयवार लावले आणि त्या ढिगांतून कोणती गोष्ट निघू शकते ते पाहिलं. या सगळ्यात सात वर्षं गेली. ठरावीक अक्षरांचे शब्द आज कोणताही संगणक क्षणात काढून देतो. पण यादी हातात असणं वेगळं आणि त्यातल्या एकेका शब्दाची ओळख असणं वेगळं. कोणता शब्द कुणाशेजारी शोभेल, कोणता कुणाशी यमकात बसेल, हे त्या शब्दांच्या सहवासात राहिल्याशिवाय कळत नाही. ‘युनोइया’ वाचताना तो सहवास पानोपानी जाणवतो.

आपल्याकडे अशा रचनेला चित्रकाव्य म्हणतात, आणि काव्यशास्त्राने तिला फारसं वर बसवलेलं नाही. मम्मटाने काव्याचे तीन दर्जे केले आणि चित्रकाव्याला तिसऱ्या पायरीवर ठेवलं. आक्षेप रास्त आहे : कवीची सगळी शक्ती कसरतीत खर्च झाली तर रस उरतो कुठे? ‘युनोइया’ हातात घेणाऱ्या प्रत्येक वाचकाच्या मनात हा प्रश्न असणारच. मला वाटतं, या पुस्तकाचं मोठेपण हेच की इथे नियम हा कवितेवर चढवलेला दागिना राहत नाही. एक स्वर निवडला की त्याच्याबरोबर एक व्याकरण येतं. त्या व्याकरणातून एक निवेदक उभा राहतो आणि निवेदकाबरोबर त्याचं जग येतं. हे पाचही प्रकरणांत तपासून पाहण्यासारखं आहे.

‘ए’पासून सुरुवात करू. या स्वरात ए आणि अ‍ॅन ही उपपदं आहेत. अँड, अ‍ॅज, अ‍ॅट, ऑल, दॅट, व्हॉट आहेत. हॅज, हॅड, वॉज, कॅन, शॅल आहेत. वाक्य उभं करायला पुरेसं सामान आहे. पण मी, तू, तो, ती, आम्ही, ते यांसाठीचं एकही सर्वनाम नाही. म्हणजे ज्याच्याविषयी बोलायचं त्याला दर वेळी नावानेच पुकारावं लागणार. बुक यांनी नाव निवडलं हसन. तेच नाव वारंवार येत राहतं आणि त्यामुळे दरबारात ललकारी द्यावी तसा एक ठेका या प्रकरणाला मिळतो. आणि हसनच का? फक्त ए असलेले इंग्रजी शब्द शोधत गेलं की पूर्वेकडून आलेले शब्द भराभर सापडतात : खान, शाह, पाशा, बझार, महाराजा, मंत्र, आश्रम. अरबी, फारसी आणि आपल्या भाषांतून इंग्रजीत गेलेल्या शब्दांना ए फार प्रिय. त्यामुळे या प्रकरणाचा नायक ऐषारामात लोळणारा सरदार झाला, त्याच्याभोवती पक्वान्नं, जडजवाहीर आणि लढाया आल्या. कवीने हसनला घडवलं हे खरं, पण शब्दकोशाने त्याला आधीच अर्धामुर्धा घडवून ठेवलं होतं.

‘ई’चं प्रकरण हा या पुस्तकाचा कळस. गोष्ट सांगायला इंग्रजीला जे जे लागतं ते बहुतेक सगळं ई या एका स्वराकडे आहे. ‘द’ हे उपपद इथेच. ही, शी, वी, हर, देम ही सर्वनामं इथेच. व्हेन, देन, व्हेअर, देअर, नेव्हर इथेच. आणि भूतकाळाचा ‘ईडी’ हा प्रत्यय, तोही इथेच. पाच स्वरांत खरा कथेकरी कोणता, असं विचारलं तर उत्तर ई. म्हणून बुक यांनी जगातली एक थोरली कथा या स्वराकडे सोपवली : ट्रॉयची लढाई, हेलनच्या बाजूने.

आता या निवडीची खोली पाहा. होमरच्या ‘इलियड’मधली नावं एकेक करून ईच्या चाळणीतून काढा. अकिलीझ : त्यात ए आणि आय आहेत, गेला. हेक्टर : त्यात ओ आहे, गेला. अ‍ॅगमेम्नॉन गेला, मेनेलेअस गेला, पॅरिस गेला. ट्रॉय हे नगराचं नावही गेलं, कारण त्यात ओ आणि वाय. एवढ्या मोठ्या नामावळीतून ज्यांची नावं टिकतात अशी माणसं विरळा, आणि त्यांत कथेच्या मध्यभागी असलेली एकच : हेलन. ज्या महाकाव्यात योद्धे बोलतात आणि जिच्यासाठी लढाई चाललेली आहे ती बाई मोजकंच बोलते, त्या महाकाव्यातले योद्धे या एका नियमाने निनावी झाले. नाव उरलं ते त्या बाईचं. हजारो वर्षं पुरुषांच्या पराक्रमाची म्हणून सांगितली गेलेली कथा एका स्वराच्या हट्टापायी तिची झाली.

शिवाय ईच्या हद्दीत काय काय बोलता येत नाही तेही पाहण्यासारखं आहे. वॉर हा शब्द नाही, स्वोर्ड नाही, किंग नाही. लव्हमध्ये ओ आहे, तोही नाही. तलवार, राजा आणि प्रेम वगळून ट्रॉयची कथा सांगायची तर हाती काय राहतं? वेप्ट राहतं, म्हणजे रडली. स्लेप्ट, फ्लेड, लेफ्ट राहतात. रिग्रेट राहतो, म्हणजे पश्चात्ताप. फ्लीट राहतं, किनाऱ्याला लागलेलं आरमार. या शब्दांनी कथा सांगितली की ती आपोआप मागे राहिलेल्यांची होते, आणि करुण होते. चित्रकाव्यात रस नसतो म्हणणाऱ्यांसमोर हे प्रकरण ठेवावं. इथला करुणरस नियमाला चुकवून आलेला नाही. तो नियमातूनच आला आहे.

मराठी वाचकाला इथे मोरोपंत आठवल्याशिवाय राहणार नाहीत. त्यांच्या अनेक रामायणांत एक निरोष्ठ रामायण आहे. ओठाला ओठ लावून उच्चारायचे प, फ, ब, भ, म हे वर्ण त्यात वर्ज्य. म्हणजे रामायण सांगायचं, पण राम म्हणायचं नाही. लक्ष्मणही नाही, भरतही नाही. सीता मात्र चालते. हेलन आणि सीता, युद्धाचं कारण मानल्या गेलेल्या या दोघी, दोन टोकांच्या भाषांतल्या दोन कडक नियमांतून नावानिशी पार पडतात, हे पाहून मी थक्क झालो. त्याही आधी दंडीने ‘दशकुमारचरिता’त मंत्रगुप्ताच्या तोंडी असंच निरोष्ठ निवेदन घातलं, आणि त्याला कारणही दिलं : प्रेयसीने दंश केल्यामुळे त्याचा ओठ दुखत होता. दंडीला नियमासाठी कथेत निमित्त शोधावंसं वाटलं. बुक यांनी उलट नियमातून कथा शोधली.

‘आय’च्या प्रकरणात निवेदक बदलतो. इंग्रजीतलं ‘मी’ म्हणजे आय, एका अक्षराचा शब्द. पाच स्वरांत कर्ता म्हणून ‘मी’ फक्त यालाच म्हणता येतं. त्याच्या जोडीला ‘आयएनजी’ हा चालू क्रियेचा प्रत्यय आला. ‘द’ नाही, अँड नाही, ऑफ नाही, टू नाही. म्हणजे ‘मी हे करता करता ते करतो आहे’ अशा धर्तीची, सतत वर्तमानात राहणारी वाक्यं. आणि या स्वराच्या पोतडीत शब्द तरी कोणते? ट्वायलाइट, मिस्ट, विंड, स्प्रिंग, बर्ड, हिल, क्लिफ. संधिप्रकाश, धुकं, वारा, झरा, पाखरू, टेकडी, कडा. निसर्गचित्राची अट बाकी प्रकरणांना मेहनतीने पाळावी लागते. इथे ती स्वराच्या अंगातच आहे. म्हणून हा निवेदक रानावनात एकटा भटकतो, मासे धरतो, लिहितो आणि आपल्याच लिहिण्याकडे पाहतो. ‘ई’च्या भरजरी कथेनंतर हे प्रकरण वाचलं की हवा पालटल्यासारखं वाटतं.

‘ओ’ला काय मिळालं? ऑफ, टू, फॉर, फ्रॉम, ऑन, ऑर, नॉट, हू, हाऊ, बोथ, मोस्ट. शब्दयोगी अव्ययांची चंगळ. पण उपपद एकही नाही आणि ‘आहे’ म्हणायला इझ नाही. उपपद नसलं की इंग्रजीत एका ठरावीक माणसाविषयी बोलणं अवघड होतं. मग नामं अनेकवचनी होतात आणि वाक्यांना ‘जे असं करतात, त्यांचं तसं होतं’ असा सर्वसाधारण विधानाचा सूर लागतो. हा सूर प्रवचनकाराचा, प्राध्यापकाचा, नियम सांगणाऱ्याचा. आणि शब्दकोश पाहावा तर गॉड, मंक, प्रोफ, डॉन, ऑक्सफर्ड, वर्डस्वर्थ हे सगळे ओचेच प्रजाजन. मठ आणि विद्यापीठ या प्रकरणात आले ते असे. व्याकरण आणि शब्दसंग्रह या दोन वाटा एकाच दाराशी येऊन मिळाल्या.

‘यू’ सर्वांत गरीब, म्हणून त्याचं प्रकरण सर्वांत आखूड. बट, दस, सच, जस्ट, मस्ट, अप, प्लस एवढ्यावर वाक्यं जोडायची. क्रियापदं पाहिली तर कट, पुट, रन, हर्ट, शट, पुश. आणि त्यांच्या मागोमाग गल्प, स्लर्प, ग्रंट, बर्प. गिळणं, भुरकणं, घुरघुरणं, ढेकर देणं. असल्या शब्दांतून सभ्य गृहस्थ उभा राहणं कठीण. बुक यांनी नायक म्हणून उबू घेतला. आल्फ्रेड जॅरी या फ्रेंच लेखकाच्या १८९६ सालच्या ‘उबू र्वा’ या नाटकातलं हे अधाशी, आडदांड, बीभत्स पात्र. उबू खातो, मारतो, लोळतो, सगळं एकेका झटक्यात. नाव स्वराला साजेसं आणि स्वभाव नावाला साजेसा.

पाचही प्रकरणांत समुद्रप्रवास आहे, म्हणून एक मजेचा ताळा शब्दकोशातच करून पाहता येतो. जलयान एकच, पण प्रत्येक स्वर त्याला आपापल्या पद्धतीने पाण्यात सोडतो. शिप हा शब्द आयचा. ईला शिप म्हणता येत नाही, तो व्हेसल म्हणतो आणि अनेक असली की फ्लीट. ‘ए’कडे राफ्ट आहे, आर्क आहे, आणि तमिळमधून इंग्रजीत गेलेला कॅटमरान आहे, जो गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्यांच्या चांगला ओळखीचा. ओकडे स्लूप हे शिडाचं गलबत आहे, उभं राहायला डॉक आणि पोर्ट आहेत. यूकडे टग, जंक आणि हल. तराफा, आरमार, जहाज, गलबत, ओढबोट. पाचांचं समुद्राशी असलेलं नातंच निराळं आहे, आणि समुद्रात उतरायची एकच अट पाचांनाही घालून बुक यांनी हे वेगळेपण वाचकाच्या नजरेसमोर आणलं.

आता कानाकडे वळू. देवनागरीत अक्षर आणि उच्चार यांची गाठ पक्की असते. इंग्रजीत ती सैल आहे. ए हे अक्षर कॅटमध्ये अ‍ॅ होतं, हार्डमध्ये आ, ऑलमध्ये ऑ. ओ हे अक्षर गोमध्ये ओ, बुकमध्ये उ, मूनमध्ये ऊ, आणि सनमध्ये, म्हणजे मुलगा या अर्थाच्या शब्दात, चक्क अ. त्यामुळे डोळ्यांना एकच स्वर दिसत असताना कानावर तीनचार स्वर येत राहतात. ही सैल गाठ नसती तर एकस्वरी पाच प्रकरणं ऐकणं ही शिक्षा झाली असती. तीच प्रकरणं सुरेल झाली, कारण बुक यांनी एका वाक्यखंडात एक उच्चार, पुढच्यात दुसरा अशी मांडणी केली आणि आतली यमकं त्यावर बेतली. बुक स्वतः ध्वनिकवितेचे नावाजलेले सादरकर्ते आहेत. ही प्रकरणं मोठ्याने म्हणण्यासाठीच लिहिलेली आहेत. मनातल्या मनात वाचली तर निम्मी हाती लागतात.

पुस्तकाच्या उत्तरार्धाला ‘वाझो’ हे फ्रेंच नाव आहे. पक्षी या अर्थाचा हा शब्द फ्रेंचमधला पाचही स्वरांचा सर्वांत लहान शब्द. या भागातल्या छोट्या रचनांपैकी एका कवितेचा इथे उल्लेख करायलाच हवा. तिचं नाव ‘व्हॉवल्स’, म्हणजे स्वर. व्ही, ओ, डब्ल्यू, ई, एल, एस या सहा अक्षरांबाहेरचं एकही अक्षर त्या कवितेत नाही. या सहांतून निघणारे शब्द तुम्हीही काढून पाहा : लव्ह, व्हाऊ, स्लो, वो, लूझ. प्रेम, शपथ, संथपणा, दुःख, गमावणं. आणि सहाही अक्षरं एकदाच वापरून, नुसती जागा बदलून, वुल्व्हज, म्हणजे लांडगे. एका रूक्ष व्याकरणाच्या शब्दात अख्खी प्रेमकहाणी दडलेली होती. ती तिथे कुणी लपवली नव्हती. कुणीतरी शोधायचा अवकाश होता.

असं करणारे बुक पहिले नव्हेत. १९६० मध्ये रेमों क्नो आणि फ्रांस्वा ल लिओने यांनी पॅरिसमध्ये उलिपो हा लेखकांचा आणि गणितज्ञांचा गट काढला. नियमांतून साहित्य निर्माण करणं हेच त्याचं काम. त्या गटातल्या जॉर्ज पेरेक यांनी १९६९ मध्ये ई हे अक्षर पूर्ण टाळून कादंबरी लिहिली आणि १९७२ मध्ये दुसऱ्या टोकाला जाऊन फक्त ई हा एकच स्वर असलेलं पुस्तक लिहिलं. पण त्या दुसऱ्या पुस्तकात पेरेक यांना शब्दांचे हिज्जे वाकवावे लागले, अगदी शीर्षकापासून. बुक यांनी प्रमाण हिज्जे सोडले नाहीत, आणि एका स्वरावर न थांबता पाचांना सारख्याच अटी लावल्या. पाच स्वरांची तुलना शक्य झाली ती या शिस्तीमुळे.

उणिवा आहेत. ९८ टक्क्यांची अट काही जागी ओझं होते. यादीत उरला होता म्हणून एखादा शब्द आला, हे लपत नाही. ‘ओ’च्या प्रकरणात अशी ठिकाणं जास्त. कामक्रीडेचा प्रसंग पाचव्यांदा येतो तेव्हा त्यातला आवेग सरलेला असतो आणि हजेरी लावल्यासारखा तो येऊन जातो. कमीत कमी पुनरुक्तीच्या अटीमुळे दुर्मीळ शब्दांची गर्दी होते आणि शब्दकोश जवळ नसेल तर वाचक अडखळतो. पण या उणिवा मोजूनही ‘ई’चं प्रकरण आणि ‘आय’चं प्रकरण ही कविता म्हणून, नियम बाजूला ठेवून वाचली तरी, उभी राहतात. चित्रकाव्याची खरी परीक्षा हीच. नियम न सांगता पान वाचून दाखवावं आणि ऐकणाऱ्याने विचारावं, पुढे हेलनचं काय झालं? ‘युनोइया’ या परीक्षेला उतरतं.

‘युनोइया’ मिळवा आणि मोठ्याने वाचा. आधी ‘ई’, मग ‘आय’, मग बाकीची तीन. वाचून झाल्यावर मोरोपंतांकडेही वळा. आपल्या पंडित कवींना शब्दांचे कारागीर म्हणून आपण फार घाईने बाजूला ठेवलं आहे. राम हे नाव न घेता रामायण सांगताना मोरोपंतांना मराठीत काय सापडलं, याचा शोध कान लावून, अक्षर अक्षर तपासून घ्यायला हवा. ते काम आपलंच आहे, आणि त्यासाठी लागणारी पुस्तकं आपल्या ग्रंथालयांत आहेत.